चामड्यावरची नक्षी आणि खान्देशचं पाणी

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजार भरतो. तिथे घोड्यांभोवती असते तशीच गर्दी जीन, लगाम, पट्टे विकणाऱ्या पालांपुढेही असते. यंदा गेलात तर जिनावरच्या वेलबुट्टीवरून जरा बोट फिरवून बघा. सगळी पानं एकाच खोलीची, कडा गोलसर, आणि दर वीतभर अंतरावर तेच फूल जसंच्या तसं परत आलेलं असेल, तर ती मशीनच्या साच्याने दाबलेली नक्षी. हाताच्या कामात पानाची कड एका बाजूला धारेने कापलेली लागते, दुसऱ्या बाजूने उतार हळूहळू वर येतो, आणि एका वेलीवरची दोन फुलं कधी तंतोतंत जुळत नाहीत.

हाताचं हे काम घरी बसून, छंद म्हणून शिकता येतं. अमेरिकेत पिस्तुलाच्या होल्स्टरवर, म्हणजे कमरेला लटकवायच्या चामडी म्यानावर, ही नक्षी दिसते, पण विद्या मूळची जीनगरांची. अरबांच्या काळातल्या स्पेनमध्ये कोर्दोबा शहराचं चामडं युरोपभर नावाजलेलं होतं. स्पेनमधून ही कला मेक्सिकोत गेली आणि मेक्सिकोतल्या जीनगरांकडून टेक्सासकडच्या गुराख्यांपर्यंत पोचली. जिनावर वेल काढणाऱ्या हातांनीच मग कमरेचा पट्टा सजवला, त्याला लटकणारं होल्स्टरही सजवलं. वायोमिंग राज्यात शेरिडन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या डॉन किंग या जीनगराने दुसऱ्या महायुद्धानंतर गोल गोल वळणाऱ्या वेली आणि त्यांच्या मधोमध रानगुलाब, अशी धाटणी रूढ केली. ती आज जगभर शेरिडन शैली म्हणूनच ओळखली जाते.

आपल्याकडे पिस्तूलवाला विरळा, आणि परवान्याचं प्रकरण वेगळंच. पण कमरेला हत्यार लावून फिरणाऱ्यांची खान्देशात वाण नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत कोयता घेऊन शिरणारा आहे, लिंबाच्या झाडाला कात्री लावणारा आहे, खांबावर चढणारा वायरमन आहे. त्यांच्या पकडीचं, कात्रीचं, कोयत्याचं नक्षीदार म्यान हाच शिकायला सगळ्यात चांगला नमुना. आकाराने लहान, रोज वापरात येणारा, आणि कुठे चुकलं ते आठवड्याभरात दाखवून देणारा.

आता मुद्द्याचं. लाकडावर किंवा दगडावर नक्षी काढताना नको तो भाग तासून टाकतात. चामड्यातून काहीच काढत नाहीत. सुरीने रेघेवर चीर द्यायची आणि चिरेच्या एका बाजूचं चामडं ठोकून खाली बसवायचं, एवढंच. ते खाली बसलं की शेजारचं पान वर उठल्यासारखं दिसतं. पण ठोकलेलं चामडं खालीच का राहतं, फुगून परत वर का येत नाही? सगळी कला या एका प्रश्नाभोवती आहे. उत्तर दोन गोष्टींत सापडतं: चामडं कशाने कमावलंय, आणि ठोकताना त्यात पाणी किती होतं.

कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं गुंतलेलं जाळं. ते कच्चं ठेवलं तर ओलेपणी सडतं आणि वाळल्यावर ताठ होऊन तडकतं. कमावणं म्हणजे या तंतूंच्या मधे असं काही नेऊन बसवणं, की ते सडणारही नाहीत आणि एकमेकांना घट्ट चिकटणारही नाहीत. जुना मार्ग झाडांचा: बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा. या सगळ्यांत टॅनिन असतं. कच्च्या केळाचा तुकडा चावला की जीभ कोरडी पडून आखडते, तो टॅनिनचाच पराक्रम. लाळेतल्या प्रथिनांना ते पकडून ठेवतं. कातड्यातल्या प्रथिनालाही ते तसंच पकडतं, फक्त त्याला काही आठवडे, कधी काही महिने द्यावे लागतात.

दुसरा मार्ग क्रोमचा. 1884 साली ऑगस्टस शुल्त्झ यांनी अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे सगळा धंदाच पालटला. आज बाजारात मिळणारं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. काम झटपट होतं, चामडं मऊ आणि लवचीक निघतं, पाण्याला फारशी दाद देत नाही. बुटाला, जॅकेटला, सोफ्याला उत्तम. नक्षीला मात्र कुचकामी, कारण त्याचा लवचीकपणाच आडवा येतो. ठसा मारावा तर थोड्या वेळात चामडं आपल्या जागी परत येतं आणि तिथे पुसट डाग तेवढा उरतो.

सालीने कमावलेलं चामडं कोरडं असताना ताठ असतं. त्यात पाणी शिरलं की तंतूंची एकमेकांवरची पकड सैल होते आणि ते सरकू लागतात. अशा वेळी वरून दाब पडला तर ते दाटीवाटीने खाली बसतात. पाणी उडून गेलं की पकड परत घट्ट होते आणि तंतू बसल्या जागी अडकून राहतात. ठसा टिकतो तो असा. कोल्हापुरी चप्पल याच जातीच्या चामड्याची. शांतिनिकेतनच्या उठावदार नक्षीच्या बटव्यांनाही सालीनेच कमावलेलं चामडं लागतं, फक्त ते पातळ, शेळी-मेंढीचं.

दुकानात हे चामडं 'वेज टॅन' म्हणून मागायचं. मुंबईला धारावीत मिळतं, घरबसल्याही मागवता येतं. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, कापलेली कड बघा. आरपार एकच फिकट तपकिरी रंग दिसला तर ठीक. मधे निळसर-करडी रेघ दिसली तर ते क्रोमचं, वरून रंग कितीही मातकट असो. पाण्याचा थेंब टाकला की वेज टॅन लगेच गडद होऊन तो पिऊन टाकतं, आणि ओल्या जागी नख दाबलं तर खूण तशीच राहते. जाडी औंसांत सांगतात. एक औंस म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटर. म्यानासाठी 8 ते 9 औंस, म्हणजे 3.2 ते 3.6 मिलिमीटर हवं. पातळ घेतलं तर नक्षीला खोली मिळत नाही आणि पात्याचं टोक बाहेर यायची भीती.

आता पाण्याकडे येऊ. शिकवणारे सगळे सांगतात की स्पंजने चामडं ओलं करा, मूळ रंग परत येऊ लागला की काम सुरू करा. वायोमिंगमध्ये हे चालत असेल. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा वरचा थर बघता बघता कोरडा पडतो आणि आत मात्र ओल तशीच असते. रंग परत आला म्हणून तुम्ही ठोकायला बसता आणि ठसा फुगीर, बोथट उमटतो. म्हणून इथे रात्रीची पद्धत धरावी. संध्याकाळी चामडं दोन्ही बाजूंनी स्पंजने चांगलं भिजवायचं, थोडा वेळ उघडं ठेवायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून रात्रभर सोडून द्यायचं. तेवढ्यात ओल सगळ्या जाडीत सारखी पसरते. सकाळी पिशवी उघडली की रंग जवळजवळ कोरड्या चामड्याचा दिसू द्यायचा, आणि मग तुकडा गालाला लावून बघायचा. माठाच्या अंगासारखा गार लागला तर आत पाणी आहे. दोन्हीकडे कारण एकच, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. गार लागत नसेल तर परत स्पंज.

बसायची वेळ पहाटेची. पंखा बंद. कूलरच्या खोलीत हवा दमट असते, ती उपयोगीच, पण झोताच्या समोर बसलात तर दमट झोतसुद्धा चामडं वाळवतो. हाताखालचा भाग सोडून बाकीचं पिशवीने झाकून ठेवावं आणि मधूनमधून बारीक फवारा मारावा. मात्र नुसत्या एका ठिपक्यावर पाणी मारू नका, डागाची कड उमटते. सगळ्या पृष्ठावर हलका हात फिरवा.

ओल बरोबर आहे की नाही, हे चामडं स्वतःच सांगतं. योग्य ओल असेल तर ठसा पडलेली जागा आपोआप गडद तपकिरी होते, रंग न लावता. पाणी जास्त असेल तर ठशाच्या कडेने पाणी वर येतं, जागा फिकटच राहते आणि शेजारची नक्षीही ढिली पडते. पाणी कमी असेल तर ठसा उडतो, आवाज टणक येतो, सुरी अडखळते. स्टँडजवळ बूट-चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझा तुकडा हातात घेतला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाला, "भाऊ, पानी जास्ती व्हयी गयं." त्यांनी आयुष्यात फुलाचा ठसा मारलेला नसेल, पण चामड्याचं पाणी त्यांच्या अंगठ्याला कळतं. छंदवाल्यांनी महागड्या सेटवर पैसे घालण्याआधी अशा माणसाकडे दोन दुपारी बसावं, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत.

पाण्याची दुसरी भानगड लोखंडाची. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा पडतो. त्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर-काळं संयुग तयार होतं, जुन्या काळी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करत ती याच तत्त्वावर. तुमचं चामडं तर टॅनिनने भरलेलं. बोअरच्या पाण्यात लोह असेल, गंजकी बादली असेल, किंवा ओल्या चामड्यावर लोखंडाचा कीस पडला असेल, तर सकाळी पिशवीतून निळे-काळे ठिपके निघतात. म्हणून पाणी आरओचं घ्या, भांडं प्लॅस्टिकचं. ठिपके पडलेच तर लिंबाचा रस पाण्यात मिसळून सगळ्या तुकड्यावर फिरवा, ते बरेच फिके होतात, मग साध्या पाण्याने पुसून घ्या. हाच दोष मुद्दाम वापरताही येतो. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवले आणि ते पाणी गाळून लावलं, तर चामडं बघता बघता काळंभोर होतं. हा रंग वरून बसत नाही, तंतूंतच तयार होतो, त्यामुळे घामाने कपड्यांना लागत नाही. कलमकारीतला काळा रंगही गूळ आणि गंजकं लोखंड आंबवून असाच करतात. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून तेलाचा हात द्यायला विसरू नका, कारण या रंगाने चामडं कोरडं पडतं.

खाली टणक, सपाट दगड लागतो. मार्बल-ग्रॅनाइटवाल्याकडे ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा असतोच, तो चालतो. लाकडी पाटावर ठोकलं तर अर्धा जोर पाट खातो. दगडाखाली जुन्या टायरट्यूबचा तुकडा ठेवला तर आवाज कमी होतो आणि शेजारपाजारचे लोकही बोलत राहतात तुमच्याशी. हातोडा लोखंडाचा नको, ठशांची डोकी पसरतात. लाकडी किंवा नायलॉनचा मोगर घ्या. चामड्याच्या मागच्या बाजूला रुंद पॅकिंग टेप लावून टाका, कारण ओलं चामडं ठोकताना पसरतं आणि कागदावर मापात बसलेलं म्यान नक्षीनंतर बसेनासं होतं. अंतिम आकार कापायचा तो नक्षी वाळल्यावरच.

चिरेसाठी फिरती सुरी मिळते. तिच्या वरच्या खोबणीत तर्जनी बसते आणि अंगठा-मधलं बोट दांडी फिरवतात. तर्जनीने खाली दाब द्यायचा, बाकीच्या बोटांनी दिशा. सुरी सरळ उभी धरायची. कलली की चीर तिरकी जाते आणि ठोकताना कडेचा पदर उलटतो. खोली चामड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून फार तर निम्म्यापर्यंत. वेलीच्या शेवटी चीर हळूहळू उथळ करत न्यायची म्हणजे रेघ विरून जाते, आणि दोन चिरा एकमेकींना कधी छेदू द्यायच्या नाहीत. नव्या माणसाला सुरी अडखळते तेव्हा तो जोर वाढवतो. दोष बहुधा धारेचा असतो. कार्डबोर्डवर पॉलिशचा हिरवा साबण घासून त्यावर पातं मागे ओढत राहा, दर थोड्या वेळाने. ओल्या चामड्यावर पातं पाण्यावरून जावं तसं सरकलं पाहिजे.

त्यानंतर ठसे. पेटी भरून मिळतात, पण सुरुवातीला त्यांतला एकच महत्त्वाचा: उतार देणारा, ज्याला बेव्हलर म्हणतात. त्याची जाड कड चिरेत टेकवायची आणि मोगराचे हलके, सारखे ठोके देत ठसा चिरेवरून मागे मागे सरकवत आणायचा. उचलून परत टेकवत गेलात तर पायऱ्या पडतात. तो न उचलता, तिळतिळ सरकवत राहिलात तर उतार एकसंध येतो. चिरेच्या कुठल्या बाजूला ठोकायचं, हे आधीच कागदावर ठरवा. दोन पानं एकमेकांवर आली असतील तर वरच्या पानाच्या बाहेर, म्हणजे खालच्या पानावर ठोकायचं. हे उलटं झालं की वेलीचं सगळं गणित विस्कटतं. मग पाकळीच्या पोटात खोलगट छाया देणारा पेअर शेडर, शिरा काढणारा, बिया उमटवणारा आणि शेवटी मोकळी जागा बारीक ठिपक्यांनी दाबून टाकणारा. पार्श्वभूमी जितकी गडद आणि खाली, तितकं फूल वर.

पैसे वाचवायचे असतील तर ठसे घरी होतात. स्टेनलेस स्टीलचा ॲलन बोल्ट उलटा धरून मारला की गोल खळगीच्या मधे सहा कोनांचा नेटका उठाव उमटतो, फुलाच्या मध्याला छान शोभतो. पितळी सळईचं तोंड कानशीने घासून पाकळी करता येते. साधा लोखंडी खिळा मात्र नको. का, ते वर आलंच.

वेलीला हात बसेपर्यंत टोपलीविणीची नक्षी करावी. एकच ठसा, आधी तिरकी रेघ आखून घ्यायची आणि प्रत्येक ठशाचं टोक शेजारच्या ठशाच्या टोकावर बसवत जायचं. चित्रकला येत नसेल तरी पंधरा फूट लांबून देखणं दिसणारं काम. पहिल्या ओळीत अंशभर कललात तर दहाव्या ओळीत ते सगळ्यांना दिसतं, म्हणून आखणीत घाई नको.

नमुन्यांसाठी शेरिडनचा रानगुलाबच हवा, असा कुठे नियम आहे? आपल्याकडे कपाशीचं फुटलेलं बोंड आहे, चार-पाच फाकांचं, प्रत्येक फाकेत फुगवटा. पेअर शेडरसाठीच जन्माला आल्यासारखं. केळफुलाचे एकावर एक पदर बेव्हलरचा सराव करून घेतात. केळीचं पान मात्र फसवं. त्याच्या समांतर शिरा ठशाने काढल्या तर कंगव्यासारख्या दिसतात, त्या सुरीनेच, हलक्या आणि किंचित वाकवून काढाव्यात.

नक्षी झाली की तुकडा सावलीत वाळवा. ओलं चामडं उन्हात, हीटरपुढे किंवा गरम पाण्यात गेलं तर संपलं. सालीने कमावलेलं ओलं चामडं 70 ते 85 अंशांच्या दरम्यान आकसून कायमचं कडक होतं, आणि मे महिन्यातला पत्रा त्या वाटेवर बराच पुढे असतो. पूर्ण वाळल्यावर मात्र ऊन मित्र होतं. तेलाचा पातळ हात देऊन काही तास उन्हात ठेवलं तर चामडं मधाच्या रंगाचं होतं. नंतर पारदर्शक ॲक्रिलिक फिनिशचा एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, आणि गडद तपकिरी बूटपॉलिश चोळून लगेच पुसून काढायचं. खळग्यांत रंग उरतो, उठावावरून निघतो.

म्यान जोडताना दोन गोष्टी सांभाळायच्या. कागदी साचा काढताना हत्याराची रुंदी मोजून थांबू नका, जाडीही धरा, नाहीतर पक्कड तोंडातच अडकते. आणि कोयत्यासारखं धारेचं हत्यार असेल तर शिवणीच्या दोन पदरांमधे चामड्याची एक जाड पट्टी घाला, म्हणजे धार त्या पट्टीवर टेकते आणि दोरा कापत नाही. शिवण दोन सुयांची, एकाच दोऱ्याची, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून सुई जाणारी. एक टाका झिजून तुटला तरी बाकीचे धरून राहतात.

शिवून झाल्यावर म्यान किंचित ओलं करून हत्यार पातळ प्लॅस्टिकमधे गुंडाळून आत घालतात आणि बोटांनी दाबून आकार बसवतात. नक्षीच्या बाजूला नखं आणि काठ्या लावू नका, उठाव मरतो. पिस्तुलाचं होल्स्टर करणारे यासाठी खऱ्या शस्त्राऐवजी प्लॅस्टिकचा डमी वापरतात.

शेवटचं, साठवणीचं. नक्षी कितीही आवडली तरी हत्यार महिनोन्महिने म्यानात ठेवू नका. चामडं हवेतली ओल धरतं, त्यातली आम्लं पात्याला गंज चढवतात आणि पितळी बटनांवर हिरवं येतं. पावसाळ्यात बुरशीची पांढरी पूड दिसली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर झटकायची, मोकळ्या हवेत ठेवायचं, मग तेलाचा अगदी हलका हात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात टाकायचं नाही. कापडी पिशवी चालते.